दर साल नवें पत्र : विद्यार्थिसाहाय्याच्या नूतनीकरणाचा परामर्श

(१)

गरीब विद्यार्थ्यास मिळणारी फीची माफी अथवा शिष्यवृत्ति दर साल नव्यानें मागितली पाहिजे व दर साल नव्यानें मंजूर झाली पाहिजे, हा नियम आज इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्याचें समर्थन करण्याची जरुरी सहसा कोणास भासत नाहीं. कोणीं विचारलेंच तर, पेशवाईंतील श्रावणमासची दक्षणादेखील दर साल नव्यानेंच मिळत असे, तेव्हां ही आपल्याकडील जुनीच वहिवाट होय, असें उत्तर देतां येण्याजोगें आहे, आणि तें दिलेंही जातें. ऐकावयास तें सयुक्तिक वाटतें. परंतु जुने कागद लावून पाहतां त्यास आधार मिळत नाहीं. उलट त्याच कागदांत या नियमावरील एक स्पष्ट आक्षेप नमूद आहे, असें आम्हांस दिसून आलें. तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास निमित्त झालें तें विवळवेढें येथील. ठाणें जिल्ह्यांतून १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत, डहाणूच्या पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर चारोटीनजीक हें गांव आहे. चैत्री पौर्णिमेस येथील महालक्ष्मीची यात्रा सुरू होते व ती सुमारें पंधरा दिवस चालते. देवीचें मूळ स्थान गडावर. परंतु एका गर्भार भक्तिणीस गड चढवेना म्हणून देवी आपण होऊन पायथ्याशीं आली, अशी दंतकथा या टापूंत सर्वतोमुखीं आहे. दंतकथेस आम्ही इतिहासाचें प्रमाण मानीत नाहीं. परंतु ज्या लोकांनीं ती जपली त्यांच्या न्यायबुद्धीचा ती पुरावा आहे, एवढें खास. यात्रेंत शिखरावर जो ध्वज लावतात तो जव्हारच्या मुकणे घराण्याचा, आणि तो लावण्याचा मान वाघाडी गांवच्या पुजाऱ्यांचा. जव्हार संस्थान इ. स. १९४८ त विलीन झालें. ध्वज मात्र राहिला. कापड दर साल नवें येतें, मान जुनाच असतो. आणि त्या मानासाठीं पुजाऱ्यास कोणी नवी सनद मागत नाहीं.

यात्रेच्या दिवसांत तेथें गेलों असतां एका वारली गृहस्थांची गांठ पडली. आम्ही जुने कागद पाहणारे आहोंत असें कळतांच त्यांनीं घरून एक प्लास्टिकची पिशवी आणून आमच्यापुढें ठेविली. इनामदाराच्या रुमालांत जसे पिढ्यांचे कागद, तसे तींत एका मुलीच्या शिक्षणाचे सहा वर्षांचे कागद होते : जन्माचा उतारा, जातीचा दाखला, शिधापत्रिकेची नक्कल, आधार कार्डाच्या छायाप्रती, उत्पन्नाचे पांच दाखले, गुणपत्रिका आणि फीच्या माफीसाठीं शाळेकडे केलेले अर्ज. मुलगी एका खासगी शाळेंत शिकत होती. शाळेचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. शाळेनें आपल्या निधींतून तिची बहुतेक फी माफ केली होती. मात्र माफी एका वर्षापुरती, आणि पुढील वर्षाचा अर्ज उत्पन्नाच्या ताज्या दाखल्यासह ठराविक मुदतींत आला पाहिजे, अशी अट. सहा वर्षें आणि दाखले पांच! जें साल गळलें त्या सालीं घरचीं माणसें दिवाळीनंतर वसईकडे वीटभट्टीवर गेलीं होतीं, तीं पावसाच्या तोंडीं परतलीं. तोंवर मुदत टळली होती. त्यापुढील दोन कागद म्हणजे फी भरण्याविषयीं शाळेचें पत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला. अखेरचा कागद आश्रमशाळेंतील प्रवेशाचा. गृहस्थांनीं गाऱ्हाणें असें गायिलें नाहीं. ‘यांत कोणता कागद कमी पडला तेवढें बघा,’ इतकेंच ते म्हणाले. प्रस्तुत टिपण हें त्या प्रश्नास उत्तर समजावें.

(२)

आदिलशाही व निजामशाही अमदानींतील इनामपत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस त्यांच्या अखेरीचें एक कलम पाठ असतें. त्याचा आशय असा कीं, दर साल ताज्या खुर्दखताचा उजूर करूं नये. तालीक लिहून घ्यावी व असल पत्र धारकाजवळ परत द्यावें. पुढें मराठी राज्यांतील सनदांची भाषा संस्कृताकडे झुकली. खुर्दखत जाऊन नूतन पत्र आलें, उजुराच्या जागीं आक्षेप बसला, तालिकेची प्रत झाली. पण कलम तेंच राहिलें. राजवटी बदलल्या, भाषा बदलली, आणि कलम टिकलें. असें कलम केवळ लेखकाची लकब म्हणून टिकत नाहीं. त्याच्यामागें रोजचा अनुभव असावा लागतो.

तो अनुभव कोणता तें कळण्यास फार दूर जावें लागत नाहीं. महालाचा अंमलदार बदलता असे. नवा हवालदार किंवा नवा कमाविसदार आला कीं धारकाच्या पत्राविषयीं नवी शंका निघे. तिचें निरसन करावयाचें तर हुजूर जावें लागे. जाण्यायेण्याचा खर्च, कारकुनांची मिन्नतवारी, आणि तोंवर जमिनीचें उत्पन्न अटकलेलें. म्हणून दात्यानें आगाऊच बंदोबस्त केला. पुष्कळ पत्रांच्या मायन्यांत देशाधिकारी व लेखक यांस ‘वर्तमान व भावी’ अशीं विशेषणें लाविलेलीं असतात, त्यांतील इंगित हेंच. आज जो खुर्चीवर आहे त्यालाच नव्हे, तर उद्यां जो येईल त्यालाही पत्र बांधून टाकीत असे. कलमाचें तोंड धारकाकडे नाहीं, अंमलदाराकडे आहे, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे.

कलम होतें म्हणून उजूर थांबला असें मात्र समजूं नये. राज्य बदललें, मोकासा बदलला, भाऊबंदकीचा कज्जा उठला, कीं जुन्या पत्रावरून नवें पत्र करून घ्यावें लागेच. एकाच इनामाचीं अनेक पत्रें एका रुमालांत सांपडतात तीं यामुळेंच. आपणां संग्राहकांचें भांडवल पुष्कळ अंशीं या उजुरांनींच जमविलें आहे. आपल्या हातीं आलेला प्रत्येक जादा कागद ही धारकाच्या एका हेलपाट्याची खूण आहे, हें आपण विसरतां कामा नये.

(३)

आतां दक्षणेचा दाखला घेऊं. श्रावणमासीं ब्राह्मणांस दक्षणा देण्याची चाल तळेगांवचे सेनापति खंडेराव दाभाडे यांची. इ. स. १७३१ त त्रिंबकराव दाभाडे डभईच्या लढाईंत पडल्यावर ती थोरल्या बाजीरावानें पुण्यास चालविली, हें सर्वश्रुत आहे. शास्त्र्यांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें त्यांची रक्कम ठरे. सामान्य भिक्षुकांस रमण्यांत सरसकट वांटणी होई. या दानाचा लाभ एका जातीपुरताच होता, हा त्याचा मोठा दोष होय, आणि तो झांकून त्याची चर्चा करणें योग्य नव्हे.

दक्षणा दर साल मिळे हें खरें. परंतु तिला नूतनीकरण म्हणतां येईल काय? नूतनीकरणाच्या पोटीं अगोदर चालू असलेलें एखादें साहाय्य गृहीत असतें, आणि त्या साहाय्यावर एखादें अर्धवट झालेलें काम उभें असतें. दक्षणा हा झालेल्या विद्येचा सत्कार होता; शिकत असलेल्या मुलाचा निर्वाह नव्हता. शिवाय दोहोंतील प्रश्नही निराळे. दक्षणेच्या परीक्षेंत शास्त्र्यास ‘तुम्हांस काय येतें?’ असें विचारीत. आजच्या अर्जांत मुलाच्या बापास ‘तुम्ही अजून गरीबच आहांत ना?’ असें विचारतात. पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतांना माणूस ताठ होतो, दुसऱ्याचें देतांना वांकतो. दोन्ही वर्षांतून एकदां विचारले जातात एवढ्यावरून ते एक ठरत नाहींत.

चालू निर्वाहाची सोय म्हणून जें नेमून देत तें वर्षासन. या शब्दांतच वर्ष असल्यामुळें येथें तरी दर साल नवें पत्र लागत असावें, असा ग्रह होतो. वास्तविक वर्षासन एकदां नेमलें म्हणजे तें अमुक महालाच्या ऐवजीं लावून देत, आणि महालाच्या बेहड्यांत देवस्थान व धर्मादाय यांच्या खर्चांत तें मांडलें जाई. वर्षाचा हिशेब, झडती, ताळेबंद हें सारें महालाच्या अंमलदारानें समजवावयाचें. कोणास काय पोंचलें याचा जाब त्याजकडे. तेव्हां दर साल नवें होई तें हिशेबाचें पान, हक्काचें पत्र नव्हे. व्यवहारांत वर्षासनें तुंबत, हें खरें. पण तुंबलेल्या वर्षासनाची मागणी ही बाकीची मागणी असे, नव्या कृपेची याचना नसे.

पत्र एकदां आणि हिशेब दर साल : जुन्या व्यवस्थेचें सूत्र आमच्या मतें असें मांडतां येतें. दक्षणेच्या उत्तरेतिहासानेंही त्यास दुजोरा मिळतो. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन यानें दक्षणा एकदम बंद केली नाहीं. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत जी संस्कृत पाठशाळा उघडली ती याच निधीच्या आधारानें. पुढें दक्षणेंत नवीं नांवें घेणें थांबलें, पण ज्यांचीं नांवें लागलीं होतीं त्यांस ती हयातीपर्यंत चालूं राहिली. इ. स. १८४९ त पुण्यांतील सुधारक मंडळींनीं हा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनास लावावा असा अर्ज केला. १८५१ त दक्षणा प्राइझ कमिटी निघाली. आणि पुढें दक्षणा फेलो म्हणून रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे पुरुष त्यावर पोसले. म्हणजे ज्या दक्षणेचा आधार दर सालच्या अर्जास देऊं पाहतात, तिच्याच इतिहासांत एकदां लागलेलें नांव शेवटपर्यंत चालविण्याचा दंडक होऊन गेला आहे.

(४)

मग दर सालचा नवा अर्ज आला कोठून? आमच्या मतें त्याचें मूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शोधावें लागेल, आणि तें दोन ठिकाणीं सांपडतें.

पहिलें, इनाम कमिशन. इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामाचा हक्क सिद्ध करण्याचें ओझें धारकाच्या शिरावर आलें. पेशव्यांचें दप्तर सरकारच्या ताब्यांत होतें. तरी घरचा कागद हरवला, वाळवीनें खाल्ला किंवा भाऊबंदानें दडविला, त्याची धडगत राहिली नाहीं. कागद नाहीं म्हणून हक्क नाहीं, ही वृत्ति तेव्हां कचेऱ्यांत मुरली. जुन्या कलमाची ही बरोबर उलट बाजू होय. तेथें असल पत्र धारकाजवळ राही तें त्याच्या संरक्षणासाठीं. येथें धारकाजवळ कागद असावयाचा तो त्याच्या परीक्षेसाठीं.

दुसरें, खासगी शाळांची ग्रँट. १९ जुलै १८५४ च्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी मदतीचें धोरण ठरलें. मुंबई इलाख्यांत पुढें परीक्षेच्या निकालावर ग्रँट देण्याची पद्धत पडली : इन्स्पेक्टरानें यावें, मुलें तपासावीं आणि किती उतरलीं त्यावरून शाळेची रक्कम ठरावी. या पद्धतीचे तोटे लक्षांत येऊन इ. स. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानें ती टाकून देण्याचें धोरण ठरलें. परंतु तोंवर खासगी शाळेची कमाई दर साल टांगणीला लागण्याची संवय झाली होती. ज्या शाळेस पुढल्या सालचा भरंवसा नाहीं ती मुलास काय देणार? तिनें आपली अनिश्चितता मुलाकडे लोटली.

या लोटलेल्या अनिश्चिततेचें नांव नादारी. हा शब्द आमच्या पिढीच्या कानांत अजून आहे. ज्याजवळ नाहीं तो नादार. आणि नसल्याची ही अवस्था दर साल अर्जानें जाहीर करावयाची. हायस्कुलांत हुशार पण गरीब मुलांस नादारी मिळे आणि तिनें पुष्कळांचीं आयुष्यें उभीं केलीं, याविषयीं वाद नाहीं. परंतु ती एका वर्षाची असे. त्याच काळांत वार लावून जेवणाऱ्या मुलाची स्थिति ताडून पाहावी. तेंही साहाय्य जातीच्या कुंपणांतलें होतें व त्यांतही मानहानीचे प्रसंग येत. परंतु सोमवारचें घर एकदां ठरलें म्हणजे मुलगा गांवांत शिके तोंवर तें सहसा त्याचेंच राही. जून उजाडला म्हणून त्या घरची बाई दारिद्र्याचा दाखला मागत नसे.

(५)

मुदत आणि अभ्यास यांचा मेळ नसला म्हणजे काय होतें, याचें एक ठळक उदाहरण आपल्या अलीकडील इतिहासांत आहे. इ. स. १९१३ त सयाजीराव गायकवाड यांच्या सरकारनें भीमराव आंबेडकर यांस अमेरिकेंतील शिक्षणासाठीं तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली. महिना साडेअकरा पौंड, आणि बदल्यांत दहा वर्षें संस्थानची नोकरी, असा करार झाला. दाता उदार होता, आणि घेणारा कोणत्या तोलाचा होता तें सांगावयास नकोच. कोलंबिया विद्यापीठाचा अभ्यास करून ते १९१६ त लंडनास गेले. तेथील अभ्यास रंगांत आला असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ त तो अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. विद्यापीठानें चार वर्षांच्या आंत परत येण्याची सवलत दिली म्हणून दोर अगदींच तुटला नाहीं. पदरचे पैसे सांठवून आणि शाहू महाराज व इतर स्नेही यांचें साहाय्य घेऊन ते १९२० त पुन्हां लंडनास गेले. १९२३ त त्यांस डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली.

येथें बडोदें सरकारास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या साहाय्यावांचून पुढचें कांहींच घडलें नसतें. मुद्दा इतकाच कीं, साहाय्याची मुदत दात्याच्या कागदावरून ठरली, अभ्यासाच्या मुक्कामावरून ठरली नाहीं. आणि असा खंड पडला असतां तो भरून काढावयास आंबेडकरांची जिद्द लागते. विवळवेढ्याच्या आसपासच्या पाड्यावरील बारा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा करणें हा न्याय नव्हे.

(६)

त्या पिशवींतील कागदांवर आणखी एक गोष्ट आढळली, आणि तिजविषयीं बोलण्याचा अधिकार आपणां संशोधकांस इतरांपेक्षां अधिक आहे. मुलीच्या आडनांवाचें अखेरचें अक्षर एका कागदावर ऱ्हस्व होतें, दुसऱ्यावर दीर्घ. बापाच्या नांवापुढें एके ठिकाणीं नुसता पाडा, दुसरीकडे गांव. तलासरीच्या बाजूस गुजराथची सरहद्द जवळ; त्यामुळें एका कागदावर बापाच्या नांवास तिकडील वळणानें ‘भाई’ जोडलेलें. या फरकांसाठीं एका सालीं अर्ज परत आला होता व प्रतिज्ञापत्र करून द्यावें लागलें होतें, असें त्यावरील शेऱ्यावरून दिसलें.

पाठभेदांचा अभ्यास करणारास हें पाहून हंसूंही येतें व वाईटही वाटतें. शिवकालीन कागदांत एकाच माणसाचें नांव एकाच पानावर दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आपण नित्य पाहतों. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा निर्बंध फारसा पाळीतच नसत. म्हणून आपण दोन माणसें कल्पीत नाहीं. गांव, बाप, काळ व व्यवहार हीं चार प्रमाणें जुळलीं कीं लेखनभेद बाजूस ठेवतों. खुद्द विवळवेढें हें नांवही वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या तऱ्हेनें उतरतें. म्हणून देवी दोन होत नाहींत. शिवाय वारली घरांत जन्मलेल्या मुलीचें नांव पहिल्यानें कागदावर उतरविणारा लेखक घरचा नसतो. चूक असली तर ती लेखकाची. जुन्या पोथींतील अपपाठ लेखनिकाच्या माथीं मारावयाचा व शाळकरी मुलीच्या कागदांतील अपपाठ तिच्या माथीं मारावयाचा, हा प्रमाणशास्त्राचा कोणता नियम?

(७)

आज सरकारी साहाय्याच्या ज्या व्यवस्था आहेत त्या या कसोटीस लावून पाहाव्या. २००९ चा बालशिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमान्वयें खासगी विनाअनुदानित शाळेनें पहिल्या वर्गांतील किमान शेंकडा २५ जागा दुर्बळ व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या, आणि प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, त्यांस विनामूल्य शिकवावयाचें. शाळेचा खर्च सरकारनें ठरल्या मानानें भरून द्यावयाचा. प्रवेश एकदां, हिशेब दर साल : जुन्या कलमाचा आत्मा या कायद्यांत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. व्यवहारांत मात्र वर्षासनांप्रमाणेंच ही रक्कमही तुंबते, अशी खासगी शाळांची तक्रार वारंवार होत आली आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनें सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असल्यास खासगी शाळेस या बंधनांतून सूट देऊं केली होती. ती मुंबई उच्च न्यायालयानें १९ जुलै २०२४ रोजीं रद्द ठरविली. ‘भावी’ अंमलदाराचा उजूर तो हाच. आणि नववीच्या उंबरठ्यावर हें छत्र संपतें, ही त्याची उणीव आहेच.

महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांसाठीं २०१८ पासून महाडीबीटी नांवाची संगणकीय व्यवस्था आहे. तींत नव्या अर्जाहून नूतनीकरणाचा अर्ज वेगळा ठेविला आहे, ही चांगली गोष्ट. उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा व तीन वर्षांचा असा दोन प्रकारचा मिळतो. परंतु दाखल्याची वैधता ३१ मार्चला संपते, शाळा जूनमध्यें उघडतात, आणि डहाणू-तलासरीकडील कष्टकरी मधल्या दिवसांत भट्टीवर असतो. सरकारचें वर्ष, शाळेचें वर्ष व मजुराचें वर्ष हीं तीन वर्षें एकमेकांस भेटत नाहींत. त्यांच्या फटींत मूल पडतें. याच तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं जें काम केलें त्याचें मर्म येथें आठवावें. बोर्डीस १९४५ त सुरू झालेलें व १९५७ त कोसबाडास आलेलें त्यांचें केंद्र मुलें कां येत नाहींत असें विचारीत बसलें नाहीं. मुलें जेथें होतीं तेथें तें गेलें. अंगणांत अंगणवाडी भरली, गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळा निघाली. देवीनें गड उतरावा अशीच ही रीत.

खासगी शाळांच्या स्वतःच्या निधींतून जी माफी मिळते तिला मात्र कायद्याचें कोणतेंच कलम नाहीं. ती दात्याच्या मर्जीची गोष्ट आहे, म्हणून तिची चर्चा करूं नये, असा एक पक्ष संभवतो. इनाम देणाराही मर्जीनेंच देत असे. परंतु दिल्यावर त्यानें आपल्याच कारभाऱ्यांस ताकीद लिहून ठेविली. दानाची शोभा त्या ताकिदींत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तपासणी नसेल तर खोटीं नांवें शिरतील, ज्याची स्थिति सुधारली तोही घेत राहील, आणि गरजू बाहेर राहील. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. अपात्र माणसें नेमणुका खात राहिल्याचीं उदाहरणें जुन्या दप्तरांत कमी नाहींत. प्रश्न तपासणी असावी कीं नसावी हा नसून ती कोणाची व्हावी हा आहे. ज्याच्या हातांतून पैसा जातो व ज्याच्या हातीं पडतो त्यानें दर साल हिशेब द्यावा. मूल वर्गांत आहे, वरच्या वर्गांत चढलें, एवढें शाळेनेंच आपल्या हजेरीपटावरून लिहावें. माफी एकदां दिली कीं ती शिक्षणाचा तो टप्पा पुरा होईतों चालावी; उत्पन्नाचा पुन्हां विचार टप्पा बदलतांना व्हावा. नांवांतील अक्षरभेद अर्ज फेटाळण्यास कारण होऊं नये. आणि मुदत टळली तर तें साल बाकी पडलें असें समजावें, हक्क बुडाला असें समजूं नये. यांपैकीं एकही सूचना नवी नाहीं. जुन्या कागदांत हें सारें आहे.

त्या गृहस्थांस त्या दिवशीं आम्हीं नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. आतां देतों. तुमच्या पिशवींत कागद कमी पडला नव्हता; कमी होतें तें एक कलम, आणि तें तुमच्या अर्जांत नव्हे, देणाराच्या पत्रांत असावयास हवें होतें.

मंडळाच्या सभासदांस व संग्राहक मित्रांस शेवटीं एक विनंति. नादारीचे अर्ज, माफीच्या याद्या, परत आलेले फॉर्म व त्यांवरील शेरे हे कागद शाळांतून व घरांतून रद्दींत जात आहेत. शंभर वर्षांनीं कोणी या काळांतील शिक्षणाचा इतिहास लिहूं म्हणेल तर त्यास अहवालांतील आंकडे मिळतील, पण हेलपाटे मिळणार नाहींत. डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूस ज्यांचें जाणें-येणें असेल त्यांनीं घरच्या माणसांच्या संमतीनें, नांवें झांकून, या कागदांच्या नकला कराव्या. मूळ कागद मात्र कोणीं संग्रहासाठीं मागूं नये. पुढल्या जूनमध्यें ते पुन्हां लागतील. तालीक घ्यावी, आणि असल ज्याच्या पिशवींतलें असेल त्याच्या पिशवींत परत ठेवावें.